पूर्ण सदस्यत्व नको, पण आधार हवा: अमळनेरहून एक अनुभव

गेल्या वर्षी एक परदेशी कंपनी आमच्या सॉफ्टवेअरसाठी आपणहून पैसे द्यायला तयार झाली, आणि ते पैसे घ्यायचे कुणाच्या नावावर यावर सगळं अडलं. कंपनीचं म्हणणं सरळ होतं. तुमचा कोड आमच्या कामात वापरला जातो, बाहेरच्या जाणकाराकडून त्याची तपासणी करून घ्या, सापडेल ते दुरुस्त करा, खर्च आम्ही देतो. फक्त पावती नोंदणीकृत संस्थेची हवी. आमच्याकडे संस्था नव्हती. चार माणसं होती, एक संकेतस्थळ होतं आणि कोड होता. त्यावर सल्ला आला, एखाद्या ओपन सोर्स फाउंडेशनचे, म्हणजे सगळ्यांना खुला कोड असलेल्या सॉफ्टवेअरला आधार देणाऱ्या ना-नफा संस्थेचे, सदस्य व्हा. तिथून जे सुरू झालं ते लिहून ठेवते आहे, कारण तालुक्याच्या गावात बसून असं काम करणारे आम्ही एकटे नाही आणि हा प्रश्न प्रत्येकाच्या वाट्याला कधी ना कधी येतो.

आधी सॉफ्टवेअर काय आहे ते सांगते. माझ्या वडिलांचा अमळनेरला छापखाना होता. खिळे जुळवायचे दिवस संपले आणि डीटीपी, म्हणजे संगणकावरची अक्षरजुळणी, आलं, तेव्हा मजकूर श्री-लिपी, शिवाजी, कृतीदेव अशा फॉन्टांत टाइप व्हायला लागला. या फॉन्टांच्या फाइलमध्ये आत साठवलेली असतात ती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हंच; त्यांच्या जागी देवनागरीचे तुकडे चितारलेले असतात. फॉन्ट नसलेल्या संगणकावर तीच फाइल उघडली की नुसती गिचमीड दिसते. युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक लिपीच्या अक्षराला स्वतःचा क्रमांक देणाऱ्या जागतिक पद्धतीत, देवनागरी १९९१ पासून आहे, पण आमच्याकडच्या छापखान्यांत ती पोचायला फार वर्षं गेली. त्यामुळे साप्ताहिकांचे अंक, शाळांच्या स्मरणिका, विद्यापीठातले प्रबंध, अहिराणी कथा-कवितांची पुस्तकं असं खानदेशातलं बरंच लेखन जुन्या फॉन्टांत अडकून पडलं आहे. आमचा कन्व्हर्टर ते युनिकोडमध्ये आणतो.

अक्षराला अक्षर बदललं की झालं, असं हे काम नाही. जुन्या फॉन्टात ‘कि’ लिहिताना आधी ऱ्हस्व वेलांटी टाइप होते आणि मग क. युनिकोडमध्ये आधी क साठवायचा असतो. ‘धर्म’मधला रफार जुन्या फाइलीत म नंतर येतो, युनिकोडमध्ये तो र् होऊन म च्या आधी जातो, आणि मध्ये जोडाक्षर असेल तर ते अख्खं ओलांडून जातो. काही फॉन्टांत पूर्ण ख हा अर्धा ख आणि काना जोडून केलेला असतो, तेव्हा हा काना खरा की अक्षराचाच भाग, हे शेजार पाहून ठरवावं लागतं. आणि अहिराणीत तर ‘जाई ऱ्हायना’, ‘करी ऱ्हायनी’ वाक्यावाक्याला येतं. तिथे ऱ्ह हवा असतो. आम्ही वापरून पाहिलेले कन्व्हर्टर रफार देऊन ‘र्हायना’ करून ठेवायचे. २०११ च्या जनगणनेत १८ लाखांहून जास्त लोकांनी आपली मातृभाषा खानदेशी गटातली सांगितली आहे. त्यांच्या छापील शब्दात इतक्यांदा येणारं जोडाक्षर दरवेळी चुकत असेल तर ते सोडून देता येत नाही. आमचं काम तिथून सुरू झालं.

फॉन्टांचे तक्ते चोपड्याच्या एका काकांनी केले. ते आधी खिळे जुळवायचे, मग डीटीपी ऑपरेटर झाले. कुठली कळ दाबली की कोणता तुकडा उमटतो, हे त्यांनी लांब वहीत हाताने लिहून दिलं, फॉन्टामागून फॉन्ट. धुळ्याचे एक सर चाचण्या बघतात. शहाद्याचा एक तरुण पुण्यात नोकरी करतो आणि रात्री आमचा कोड लिहितो. पुढे नेपाळमधल्या एका माणसाने त्यांच्याकडच्या ‘प्रीती’ फॉन्टाचा तक्ता जोडला, आणि कन्व्हर्टर आमच्या कल्पनेपेक्षा लांब गेला. दस्तऐवज वाचणाऱ्या एका मोठ्या मुक्त पॅकेजने, म्हणजे इतरांनी आपल्या सॉफ्टवेअरमध्ये वापरायच्या तयार कोडने, तो आत घेतला, त्या पॅकेजवर आणखी कुणी उभे राहिले. एवढी माणसं आपल्यावर विसंबून आहेत हे आम्हाला कंपनीचं पत्र आलं तेव्हा नीट कळलं.

अमळनेरला १९४५ साली वनस्पती तुपाची कंपनी निघाली आणि तिचंच पुढे विप्रो झालं, हे इथल्या शाळकरी मुलालाही ठाऊक असतं. त्यामुळे संगणकाचं काम म्हटलं की पहिला प्रश्न येतो, कोणत्या कंपनीसाठी करता? बँकेत तोच, सरकारी कचेरीत तोच. कुणाचीच मालकी नसलेलं आणि तरी टिकणारं काम असू शकतं, ही गोष्ट फॉर्मच्या कुठल्याच रकान्यात बसत नाही.

जळगावच्या सीएंकडे गेले. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, “ताई, बाहेरून येणारे पैसे अनुदान म्हणून आले तर एक विषय, कामाचं बिल लावून मोबदला म्हणून आले तर दुसरा विषय. दोन्ही एकात मिसळू नका.” अनुदान घ्यायचं तर विदेशी अंशदान नियमन कायदा, २०१० समोर येतो. नोंदणी मिळायला साधारणपणे संस्था किमान ३ वर्षं जुनी हवी आणि मागच्या ३ आर्थिक वर्षांत तिने आपल्या मूळ कामावर किमान १५ लाख रुपये खर्च केलेले हवेत. २०२० च्या दुरुस्तीपासून असा पैसा आधी दिल्लीच्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या खात्यातच घ्यावा लागतो. पूर्वपरवानगीचा मार्ग आहे, पण त्यालाही आधी संस्था पाहिजेच. आणि संस्था काढायची तर १८६० च्या कायद्याखाली ७ माणसं, महाराष्ट्रात त्याच्या जोडीला धर्मादाय आयुक्तांकडे विश्वस्त संस्था म्हणून नोंदणी, दरसाल ऑडिट, पदाधिकारी बदलला की चेंज रिपोर्ट. धुळ्याचे सर म्हणाले, “एवढं करायला बसलो तर कोड कोण लिहिणार?” त्यांचं बरोबर होतं. गावात संस्था काढणं सोपं असतं. ती जिवंत ठेवणं हे वेगळंच पूर्णवेळ काम आहे, आणि नुसत्या पाटीपुरत्या उरलेल्या संस्था आम्ही तिघाचौघांनी आपापल्या तालुक्यात भरपूर पाहिल्या आहेत.

म्हणून फाउंडेशनांचे नियम वाचायला घेतले. रात्री दुकान बंद झाल्यावर एकेकाचे नियम छापून काढायचे आणि व्हिडिओ कॉलवर मोठ्याने वाचून मराठीत समजावून घ्यायचं, असा क्रम होता. अपाचे सॉफ्टवेअर फाउंडेशन १९९९ चं. तिथे नवा प्रकल्प आधी इन्क्युबेटरमध्ये, म्हणजे उमेदवारीच्या टप्प्यात, जातो. कोड रीतसर सुपूर्द करायचा, प्रत्येक मुख्य योगदात्याने वैयक्तिक करारावर सही करायची, नाव आणि बोधचिन्ह फाउंडेशनच्या मालकीचं होतं, प्रत्येक आवृत्तीला अधिकार असलेल्या किमान ३ जणांचा होकार लागतो, आणि परवाना अपाचेचाच असावा लागतो. आमचा कोड जीपीएल या दुसऱ्या मुक्त परवान्याखाली आहे. हे नियम उगाच केलेले नाहीत. एका कंपनीच्या मुठीत प्रकल्प जाऊ नये म्हणून ते आहेत, आणि जगभर शेकडो माणसं ज्यात काम करतात अशा सॉफ्टवेअरला ते शोभतातही. चार माणसांच्या कन्व्हर्टरला एवढी रचना पेलणार नव्हती.

सॉफ्टवेअर फ्रीडम कॉन्झर्व्हन्सी २००६ पासून फिस्कल स्पॉन्सर म्हणून काम करते, म्हणजे प्रकल्पाच्या वतीने पैसे घेते, हिशेब ठेवते, करार करते. तिथे प्रकल्प कायद्याच्या दृष्टीने त्या संस्थेचाच भाग होतो आणि येणाऱ्या पैशातून १० टक्के संस्थेच्या खर्चाला जातात. डेबियन या मुक्त संगणकप्रणालीसाठी १९९७ साली उभी राहिलेली सॉफ्टवेअर इन द पब्लिक इंटरेस्ट त्याहून सैल आहे. ती ५ टक्के घेते आणि प्रकल्प कसा चालवायचा हे प्रकल्पावर सोडते. वैज्ञानिक सॉफ्टवेअर सांभाळणाऱ्या नमफोकसमध्ये दोन पायऱ्या आहेत. नमपाय, पांडास यांसारखे पुरस्कृत प्रकल्प पूर्ण आत असतात, आणि बाहेर संलग्न प्रकल्पांची एक यादी असते. संलग्नांचे पैसे नमफोकस सांभाळत नाही, पण छोट्या विकास अनुदानासाठी त्यांना अर्ज करता येतो. ही दुसरी पायरी वाचल्यावर मी फोन उचलून शहाद्याच्या पोराला म्हटलं, अरे, आपल्याला हवं ते जगात कुणीतरी आधीच मान्य केलं आहे.

ज्या फाउंडेशनशी शेवटी बोलणं जमलं त्याचं नाव देत नाही. त्यांची माणसं मोकळेपणाने बोलली, आणि बंद खोलीतलं बोलणं त्यांच्या नावाने छापणं मला बरं वाटत नाही. पहिल्या कॉलवर त्यांनी पूर्ण सदस्यत्वाची यादी पाठवली. नाव सुपूर्द करा, संकेतस्थळाचं नाव सुपूर्द करा, आजवरच्या सगळ्या योगदात्यांच्या सह्या आणा.

सह्यांसाठी मी चोपड्याला काकांकडे गेले. इंग्रजी करार अहिराणीत सांगायचा प्रयत्न केला. काकांनी चष्मा लावून कागद उलटापालटा केला आणि म्हणाले, “सही करसू माय, पन कागद मराठीमा पाहिजे.” जो माणूस आयुष्यभर दुसऱ्यांचा मजकूर अक्षरन् अक्षर वाचून छापत आला, तो न वाचता सही करणार नव्हता, आणि मीही त्यांना तसं करू दिलं नसतं. त्या करारातल्या कायद्याच्या शब्दांचं अधिकृत मराठी भाषांतर फाउंडेशनकडे नव्हतं. आम्ही केलेलं त्यांना चालणार नव्हतं.

नावाचा मुद्दा त्याहून जड निघाला. त्या रात्री कॉलवर शहाद्याचा तरुण एकदम मायबोलीवर आला: “नाव दी दिधं ते मंग आपलं काय ऱ्हायनं?” सरांनी त्याला हडसन-जेनकिन्सची हकीकत सांगितली. ओरॅकल कंपनीने हडसन या मुक्त सॉफ्टवेअरच्या नावावर हक्क सांगितला, तेव्हा २०११ साली ते सॉफ्टवेअर घडवणाऱ्या लोकांना आपलंच काम जेनकिन्स या नव्या नावाने पुढे न्यावं लागलं. कोड मुक्त होता, त्याची प्रत कुणीही घेऊ शकत होतं; नाव मात्र एकाकडेच राहतं. फाउंडेशन कंपनीसारखं वागेल असं आमच्यापैकी कुणाला वाटत नव्हतं. पण खानदेशातल्या छापखान्यांत, झेरॉक्सच्या दुकानांत लोक हे नाव तोंडाने एकमेकांना सांगतात. ते नाव आमच्यानंतर कुणाच्या हाती जाईल हे ठरवायचा हक्क इथेच राहावा, एवढं आमचं म्हणणं होतं.

माझ्या वडिलांना मी हे सगळं जेवताना सांगायचे. ते म्हणाले, “सातबारा आपल्या नावावर ठेवून लोक शेत बटाईनं देतातच ना? काय द्यायचं, किती द्यायचं, किती सालासाठी, एवढं आधी ठरलं म्हणजे झालं.” दुसऱ्या कॉलला जाताना मी हेच मनात ठेवलं होतं.

त्या कॉलवर फाउंडेशनच्या बाईंनी आपली बाजू मांडली, आणि ती मी इथे पूर्ण वजनाने मांडते, कारण ती खोटी नाही. मदत छोटी असली तरी वकिलाचा वेळ तेवढाच जातो. आमच्या कोडशेजारी त्यांचं नाव दिसलं आणि उद्या काही घडलं, तर लोक त्यांना विचारणार. आणि जे प्रकल्प सगळे नियम पाळून, नाव सुपूर्द करून आत आले, त्यांनी का म्हणून पाहावं की बाहेर राहिलेल्यांनाही तीच मदत मिळते? हा तिसरा मुद्दा मला सगळ्यात खरा वाटला. रांगेत उभं राहिलेल्याला रांग मोडलेली दिसली तर त्याचं मन मोडतं.

आमचं उत्तर असं होतं की आम्ही तीच मदत मागत नाही. सदस्य प्रकल्पांना मतं मिळतात, परिषदांत जागा मिळते, फाउंडेशनची माणसं वर्षानुवर्षं त्यांच्या दिमतीला असतात. आम्हाला तपासणी हवी होती, आमच्या खात्यांच्या चाव्या सांभाळणारा एक तिऱ्हाईत हवा होता आणि कंपनीला पावती देणारा कुणीतरी हवा होता. सदस्य नसलेल्यांना मदत करणं फाउंडेशनांना नवीन नाही, हेही मी सांगितलं. आमचं पॅकेज ज्या पायपीआयवरून लोक उतरवून घेतात, तो पायथन सॉफ्टवेअर फाउंडेशन चालवतं, आणि तिथे पॅकेज ठेवायला कुणी कुणाचं सदस्य व्हावं लागत नाही. आमच्या संकेतस्थळाचं सुरक्षा प्रमाणपत्र लेट्स एन्क्रिप्टचं आहे. तेही एक ना-नफा संस्था चालवते, आणि अमळनेरच्या दुकानाला ते जितकं फुकट मिळतं तितकंच मोठ्या बँकेलाही. युनिकोडच्या सीएलडीआर या माहितीसाठ्यात आपल्या भाषेची तारीख-वार-आकड्यांची माहिती भरायला सदस्य असावं लागत नाही. या सगळ्याला आपण मदत म्हणत नाही, कारण तिची सवय झाली आहे. ही दारं सदस्यांपुरती असती तर खेड्यापाड्यातून ओपन सोर्समध्ये कुणी आलंच नसतं.

आणि २०१४ आठवा. त्या एप्रिलमध्ये हार्टब्लीड नावाचा सुरक्षादोष उघड झाला. अर्ध्या इंटरनेटचे गुप्त व्यवहार ज्या ओपनएसएसएल या मुक्त सॉफ्टवेअरवर चालत होते, आणि ज्यात हा दोष होता, त्याला वर्षाला जेमतेम २,००० डॉलर देणग्या मिळत होत्या आणि पूर्ण वेळ काम करणारा माणूस एकच होता. लिनक्स फाउंडेशनने मोठ्या कंपन्यांकडून पैसे गोळा करून कोअर इन्फ्रास्ट्रक्चर इनिशिएटिव्ह उभं केलं आणि त्यातून ओपनएसएसएल, ओपनएसएसएच, एनटीपी यांना मदत दिली. आधी आमचे व्हा, मग पैसे देतो, अशी अट घातली नाही. कारण आग सगळ्यांच्या घराला लागणार होती. माझं म्हणणं एवढंच की हा विचार आग लागण्याआधी का करू नये? मदत कुणाला द्यायची हे ठरवताना, त्या कोडवर किती आणि कोण विसंबून आहे हे आधी पाहावं. प्रकल्पाने स्वतःला किती सोपवलं, हा प्रश्न नंतरचा.

भारतातही हे होऊ लागलं आहे, आणि मला त्याचा मनापासून आनंद आहे. फॉस युनायटेड प्रकल्पांना अनुदान देतं. झिरोधा या शेअर दलाली कंपनीने ऑक्टोबर २०२४ मध्ये फ्लॉस फंड जाहीर केला. वर्षाला १० लाख डॉलर, एकेका प्रकल्पाला १० हजार ते १ लाख डॉलर, आणि अर्जासाठी आपल्या प्रकल्पाची माहिती एका ठरावीक फाइलीत लिहून ती जाहीर ठेवायची. मालकी कुणाला द्यावी लागत नाही. आमच्या प्रश्नात पैसा हा मोठा भाग नव्हता म्हणून आम्ही तिकडे गेलो नाही, पण इथल्या कुणाला पैशांची गरज असेल तर आधी ही दारं ठोठवावीत.

नुसत्या पैशांनी भागत नाही हे २०२४ च्या एक्सझेड प्रकरणाने दाखवलं. एक्सझेड हे फाइली दाबून लहान करणारं मुक्त सॉफ्टवेअर. एकट्याने ते सॉफ्टवेअर सांभाळणारा माणूस दमला होता. मदतीच्या नावाने जिया तान असं नाव घेतलेलं कुणीतरी दोनेक वर्षं विश्वास कमावत राहिलं आणि अखेर आवृत्त्यांमध्ये चोरदार बसवून गेलं. लॉगिनला अर्धा सेकंद जास्त का लागतो, या एका शंकेवरून आंद्रेस फ्रॉइंड यांनी ते पकडलं. त्या दमलेल्या माणसाच्या शेजारी बसणारं, त्याच्या वतीने अनोळखी मदतनिसाची चौकशी करणारं कुणी असतं तर? सर हे प्रकरण वाचल्यापासून नवीन योगदात्याशी एकदा तरी चेहरा दिसेल असं बोलतात. पूर्ण सदस्यत्वात असा आधार आपोआप येतो असंही नाही. २०२४ मध्येच ओपन कलेक्टिव्ह फाउंडेशनने बंद होत असल्याचं जाहीर केलं आणि त्याच्या छत्राखालच्या शेकडो गटांना वर्षअखेरपर्यंत दुसरं घर शोधावं लागलं. सगळं एका हाती सोपवलेलं असलं की तो हात सुटण्याची सोयही आधी लिहून ठेवावी लागते.

फाउंडेशनने वेळ घेतला, त्यांच्या मंडळात यावर वाद झाला असं कळलं, आणि शेवटी त्यांनी आम्हाला एक छोटा करार पाठवला. मुदत एक वर्षाची. त्यात पहिलं कलमच असं की हा प्रकल्प फाउंडेशनचा सदस्य नाही आणि दोन्ही बाजूंनी तसं कुठेही भासवायचं नाही. आमच्या संकेतस्थळावर ते वाक्य मराठीत, नेपाळीत आणि इंग्रजीत आहे. कंपनीने पैसे फाउंडेशनला दिले, फाउंडेशनने तपासनिसाला दिले. ते आमच्या हातात आलेच नाहीत. दुरुस्तीचं काम शहाद्याच्या तरुणाने केलं आणि त्याने स्वतःच्या नावाने बिल लावून मोबदला घेतला. सीएंना दोन्ही कागद दाखवले, त्यांनी मान डोलावली. अशा प्रकारे दिलेली सेवा सीमेपलीकडून सहज येते, रोख रक्कम येताना दहा प्रश्न घेऊन येते. लहान प्रकल्पांनी आणि फाउंडेशनांनीही हे ध्यानात ठेवावं.

सह्यांचंही जमलं. जुन्या कराराऐवजी त्यांनी डेव्हलपर सर्टिफिकेट ऑफ ओरिजिन मान्य केलं. लिनक्सच्या कर्नलने ही पद्धत २००४ मध्ये आणली. हा कोड द्यायचा मला हक्क आहे, असं योगदाता प्रत्येक बदलाखाली एका ओळीत नोंदवतो. काकांसाठी मराठीत साधं पत्र केलं, की हे तक्ते मी स्वतः टाइप करून, पाहून, हाताने लिहिले आणि ते मुक्त परवान्याखाली देतो आहे. त्यांनी ते दोनदा वाचलं, ‘तक्ता’ची ‘तक्त्ता’ झालेली चूक काढून दिली आणि मग सही केली.

तपासणीतून जे निघालं ते मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. तपासनीस देवनागरी वाचू शकत नव्हता, म्हणून सरांनी त्याला रफार समजावला. चांगल्या तपासनिसाची खूण मला तिथे दिसली, तो लाजला नाही, पुन्हा पुन्हा विचारत राहिला. रफाराला जागेवर नेण्यासाठी आमचा कोड मागे मागे जोडाक्षराचं टोक शोधतो. कुणी मुद्दाम फक्त अर्धी अक्षरं आणि रफार हजारोंनी भरलेली फाइल दिली तर हा शोध प्रत्येक रफारासाठी पुन्हा सुरुवातीपर्यंत जात होता, आणि कन्व्हर्टर तासन् तास अडकून पडत होता. घरच्या संगणकावर हे घडलं तर खिडकी बंद करून भागतं. पण लोकांकडून फाइली घेणाऱ्या सर्व्हरवर घडलं तर सगळं काम ठप्प. मराठीत किंवा नेपाळीत खऱ्या शब्दात किती अर्धी अक्षरं सलग येऊ शकतात याला मर्यादा आहे. ‘कार्त्स्न्य’ हा सरांनी शोधून काढलेला नमुना. त्याच्यापुढे थोडी मोकळीक ठेवून शोधाला मर्यादा घातली, आणि काम झालं. दोषाचा सीव्हीई क्रमांक, म्हणजे जगभर तो दोष ज्याने ओळखला जातो तो, कोड ठेवायच्या गिटहब या संकेतस्थळाकडून मिळाला. त्यालाही कुठलं सदस्यत्व लागत नाही. दुरुस्त आवृत्ती आधी आमच्यावर विसंबून असलेल्या मोठ्या पॅकेजला कळवली, मग जाहीर केली. ही शिस्त तपासनिसाने लावली.

चाव्यांचंही तसंच. संकेतस्थळाचं नाव माझ्या नावावर होतं आणि पायपीआयचं खातं त्या तरुणाच्या फोनशी बांधलेलं. आता दोन्हीला दुसरा माणूस आहे आणि परत मिळवण्याचे कोड फाउंडेशनकडे सीलबंद आहेत. आम्ही दोघांनी लेखी मागितलं, किंवा ठरलेल्या मुदतीत आमच्यापैकी कुणाचाच पत्ता लागला नाही, तरच ते उघडले जातील. आवृत्ती एकाने बनवायची, दुसऱ्याने तपासून सही करायची, ही अट त्यांनी घातली होती. ती आम्हाला सुरुवातीला जाच वाटली; आता कुणी नको म्हटलं तरी आम्ही ती सोडणार नाही.

मिळालं नाही तेही सांगते. नावाच्या नोंदणीचा खर्च त्यांनी नाकारला, आणि मला ते पटतं. जे नाव त्यांचं नाही त्याचा वकील त्यांनी का द्यावा? धुळ्याला डीटीपीवाल्यांसाठी कार्यशाळा घ्यायची होती, त्यालाही नाही म्हणाले. सदस्यांच्याच कार्यक्रमांना पैसा पुरत नाही. तो खर्च आम्ही गावातून वर्गणीने केला.

आता मुदत संपत आली आहे आणि नव्या वर्षाच्या मसुद्यावर बोलणं सुरू आहे. आम्ही एकच कलम बदलून मागितलं आहे. आम्ही सगळे थांबलो तर प्रकल्प ‘संग्रहात’ टाकायचा, असं आत्ता लिहिलं आहे. आम्ही म्हणतो, त्याआधी मराठीत आणि नेपाळीत जाहीर सूचना द्या, तीन महिने थांबा, आणि पुढे सांभाळायला येणाऱ्याला देवनागरी वाचता आली पाहिजे ही अट ठेवा. त्यांच्या वकिलाने विचारलं आहे की देवनागरी वाचता येते हे तपासणार कोण. सरांनी त्यासाठी एका पानाची चाचणी तयार केली आहे: जुन्या फॉन्टातला एक अहिराणी उतारा, ऱ्ह आणि रफारांनी भरलेला, तो हाताने युनिकोडमध्ये आणून दाखवायचा. ती इंग्रजी टिपेसह काल त्यांना पाठवली.